ज्यू आई, गणितं आणि नोबेल

व्हॉट्सॲपवर एक फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतोय. ज्यू इतके हुशार का? तर म्हणे गरोदर ज्यू बाई नवऱ्याबरोबर बाळंत होईपर्यंत गणितं सोडवते, पियानो वाजवते, बदाम, खजूर आणि मासे खाते. घरात कुणी सिगारेट ओढत नाही. म्हणून मुलं नोबेल मिळवतात. अभिमन्यूच्या गोष्टीवर वाढलेल्या आपल्याला हे चटकन पटतं.

खाण्यापिण्याचं आधी उरकू. रायगडातले बेने इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू, पिढ्यानपिढ्या मासे खात आले आणि शेजारचे कोळीही. सिगारेटचं म्हणाल, तर इस्रायलच्या पंतप्रधान गोल्डा मायर यांच्या हातातली सिगारेट कधी विझत नसे.

आता या फॉरवर्डमागचं मुख्य गृहीतक: पूर्वापार ज्यू बाईचं काम म्हणजे घरात राहून मूल घडवणं. १८८१ ते १९२४ या काळात पूर्व युरोपातून २० लाखांहून जास्त ज्यू अमेरिकेत गेले. त्यांच्या गावांकडे आदर्श वेगळाच होता. नवऱ्यानं धर्मग्रंथ अभ्यासावेत आणि बायकोनं बाजारात बसून संसार ओढावा. (एवढी विद्वत्ता परवडणारे नवरे थोडेच, ते सोडा.) न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडला आल्यावर मुली शिवणकामाच्या कारखान्यांत लागल्या. लग्न झालेल्या बायकांनी दोन खोल्यांत भाडेकरू ठेवून त्यांचं रांधलं, धुतलं. शिरगणतीच्या कागदावर त्या बहुधा बिनकामाच्याच राहिल्या. १९०२ मध्ये कोशर, म्हणजे ज्यू धर्मनियमांत बसणारं, मांस पौंडाला १२ सेंटवरून १८ सेंटवर गेलं, तेव्हा याच बायकांनी रस्त्यावर उतरून खाटकांची दुकानं बंद पाडली. १९०९ मध्ये क्लारा लेमलिच या तरुण कामगार मुलीनं भर सभेत यिडिशमधून, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या बोलीतून, संपाची हाक दिली आणि ब्लाउज शिवणाऱ्या सुमारे २० हजार जणी बाहेर पडल्या. १९११ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कमधल्या ट्रँगल या ब्लाउजच्या कारखान्याच्या आगीत १४६ जीव गेले, बहुतेक ज्यू आणि इटालियन मुलींचे.

बायकोला कमवावं लागत नाही, ही अमेरिकन मध्यमवर्गाची मिरवायची गोष्ट होती. चार पैसे हाती आल्यावर ज्यू कुटुंबांनी ती तिथेच उचलली. म्हणजे फॉरवर्ड वाचून ‘प्राचीन परंपरा’ वाटणारी ही घरात राहणारी आई बऱ्याच अंशी अमेरिकन होण्याच्या धडपडीतली आहे. त्या धडपडीचं खापरही बायकांवर फुटलं. इतिहासकार पॉला हायमन यांनी दाखवलंय की समाज धर्मापासून दुरावला, तेव्हा पुरुषांनी दोष आयांना दिला. पुढे अमेरिकन उपनगरांत ज्यू बायकांवरचे विनोद आले, मुलाला कोंबून भरवणारी आई आणि लाडावलेली ‘प्रिन्सेस’. आपला फॉरवर्ड कौतुक करतो, पण साचा तोच.

राहता राहिलं नोबेल. १९७७ च्या मानकरी रोझलिन यालो ब्राँक्समध्ये वाढल्या. आईवडिलांपैकी कुणीही हायस्कूल शिकलेलं नव्हतं, त्यामुळे गरोदरपणातल्या गणितांचं काय ते तुम्हीच ठरवा. १९८८ च्या मानकरी गर्ट्रूड इलियन स्थलांतरितांची लेक. दोघी शिकल्या न्यूयॉर्कच्या हंटर कॉलेजात, जिथे मुलींना फी नव्हती. इलियनना पदवीनंतर प्रयोगशाळांनी बाई म्हणून नाकारलं, यालोंनी आधी सेक्रेटरीची नोकरी धरली. दुसऱ्या महायुद्धामुळे पुरुष कमी पडले, तेव्हा कुठे दारं उघडली.