‘मेकॅनिकचा धंदा वाढवताय’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार साहेब,

पावसाळाभर कव्हरखाली उभ्या राहिलेल्या मोटारसायकलवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: ‘उगाच घाबरवता. नवीन पेट्रोल टाका, चोक ओढा, दहा किक मारा, गाडी चालू. कार्ब्युरेटर खोलायला लावून मेकॅनिकचा धंदा वाढवताय.’ शिवाय कार्ब्युरेटरच्या (इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) ड्रेन स्क्रूबद्दल, म्हणजे त्यातलं पेट्रोल काढायच्या स्क्रूबद्दल, आणि कार्ब्युरेटर नसलेल्या इंजेक्शनच्या गाड्यांबद्दल दोन तक्रारी.

मत वेगळं असेल तर असू द्या. पण ‘धंदा वाढवताय’ हे कशाच्या जोरावर म्हणता? लेखात सगळं घरच्या पान्या-पेचकसाने करायला सांगितलंय. एका गॅरेजचं नाव नाही, एका स्प्रेच्या डब्याचं नाव नाही. सतरा वर्षं कार्ब्युरेटर हाताखालून गेलेत माझ्या, हे असलं ऐकून घ्यायची मला सवय नाही.

स्क्रूचं तुमचं बरोबर आहे. काही गाड्यांना तिथे ॲलन की लागते. मी सरसकट पेचकस लिहिला होता, तो दुरुस्त केलाय.

आता तुमच्या दहा किक. गाडी उभी राहिली की कार्ब्युरेटरच्या तळाशी असलेल्या फ्लोटच्या वाटीतलं पेट्रोल उडून जातं आणि मागे चिकट, तपकिरी थर उरतो. स्लो जेट म्हणजे आयडलिंगला (ॲक्सिलरेटर न देता इंजिन चालू असताना) पेट्रोल सोडणारी नळी. तिचं भोक अर्ध्या मिलिमीटरहून बारीक, त्यामुळे आधी तेच बुजतं. तो वाळलेला थर नवीन पेट्रोल आलं म्हणून लगेच विरघळत नाही. चोक ओढल्यावर गाडी सुरू होईलही, कारण तेव्हा पेट्रोलचं प्रमाण वाढतं. चोक सोडलात की आयडलिंगला बंद. म्हणजे दुखणं झाकलंत, बरं नाही केलंत.

आणि टाकीच्या तळाचं काय? आपल्या पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते पाणी ओढून घेतं. मुंबईची जून ते सप्टेंबरची हवा, त्यात अर्धी रिकामी टाकी. झाकणाभोवतीचं पाणी वाहून जायचं बारीक भोक धुळीने बुजलं असेल तर पावसाचं पाणी तिथे साचून थेट आत उतरतं. पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की ते इथेनॉलला घेऊन तळाशी बसतं. कॉकवर (टाकीखालची पेट्रोलची तोटी) रिझर्व्हची वाट तळाजवळून असते. गाडी लागत नाही म्हणून रिझर्व्हवर टाकून किक मारणारा तेच पाणी वाटीत उतरवतो! वाटीतलं आणि रिझर्व्हवरून थोडं पेट्रोल पारदर्शक बाटलीत घ्या आणि दहा मिनिटं हलवू नका. तळाला वेगळा थर दिसला, किंवा बाटली कलती केल्यावर थेंब घरंगळले, की टाकी रिकामी करण्यावाचून इलाज नाही. वर चार लिटर नवीन ओतलंत तर तेही वाया.

फ्लोटची निडल (वाटी भरली की पेट्रोल थांबवणारी सुई) चिकटून उघडी राहिली असेल तर प्रकरण आणखी वाईट. पेट्रोल ओव्हरफ्लोच्या नळीतून पार्किंगमध्ये सांडतं, कधी सिलिंडरमधून इंजिन ऑइलमध्ये उतरतं. ऑइलची पातळी वाढलेली दिसली किंवा त्याला पेट्रोलचा वास आला तर एकही किक मारू नका. आधी कॉक बंद करा, निडल साफ करा आणि ऑइल बदला.

जेट साफ करताना तार खुपसू नका, भोक मोठं होतं. कार्ब्युरेटर क्लीनर मारा, मुरू द्या, मग हवा मारा. भोकातून उजेड गोल दिसला पाहिजे. एअर स्क्रू (आयडलिंगचं हवेचं प्रमाण ठरवणारा) काढण्याआधी तो हलकेच पूर्ण आत फिरवून किती फेरे बसले ते लिहून ठेवा, नाहीतर नंतर ट्यूनिंगला बसाल तासभर.

इंजेक्शनचं म्हणाल तर लेख कार्ब्युरेटरचा आहे, शीर्षकातच लिहिलंय. चावी फिरवल्यावर टाकीतून दोन-तीन सेकंद पंपाचा आवाज येत नसेल तर आधी बॅटरी आणि फ्यूज बघा, एवढं इथे पुरे.

तुमच्या गाडीची वाटी उघड्यावर, आगीपासून लांब, बाटलीत रिकामी करा आणि काय निघालं ते इथेच लिहा.