बॉनेटले शॉकअप कसाले?

गेल्या रविवारपासून माझ्या गाडीचं बॉनेट बंद करायला दोन माणसं लागतात. एक मी, आणि दुसरा त्या वेळी रस्त्यानं जो कोणी जात असेल तो. दुसरा अंगानं भरलेला असेल तर काम लवकर होतं.

मूळ प्रकरण थोडक्यात सांगतो, कारण त्यात माझी जी शोभा व्हायची ती झालेली आहे. आमच्या गाडीचं बॉनेट कंपनीनं दिलेल्या एका लोखंडी दांडीवर उभं राहतं. करंगळीएवढी जाड दांडी. एक टोक खाली अडकवलेलं, दुसरं आपण हातानं बॉनेटच्या भोकात घालायचं. पारोळ्याला लग्नाला गेलो होतो. मांडवाच्या तोंडाशी गाडी लावली आणि वायपरचं पाणी संपलं म्हणून बॉनेट उघडलं. मे महिना, दुपारची वेळ, आणि आमच्याकडची ती प्रसिद्ध वावटळ. तिनं आधी बॉनेट थोडं वर उचललं, दांडी भोकातून सुटली, आणि मग वावटळीनं बॉनेट सोडून दिलं. ते माझ्या टाळूवर आलं. आवाज एवढा मोठा झाला, की बँडवाल्यानं मान वळवून पाहिलं. साडू धावत आले. "अरे, बॉनेटला पोचा नाही ना आला?" म्हणाले.

साडूंच्या गाडीचं बॉनेट बोटानं उचललं की पुढचं आपोआप, सावकाश वर जातं. ते त्यांनी तिथल्या तिथे सगळ्या पाहुण्यांना करून दाखवलं. दोनदा.

आता मला सांगा, ज्या गाडीला कंपनी नऊ-दहा लाख रुपये घेते, तिला दांडी देऊन किती पैसे वाचत असतील? आत टीव्हीएवढा पडदा देतात. गाडी आपल्याशी बोलते, सीटबेल्ट लावला नाही तर किंचाळते. छताला उघडणारी काच देतात. खानदेशात! इथे मे महिन्यात पारा ४४ वर जातो. इथला माणूस सावलीसाठी लिंबाच्या झाडाखालची जागा भांडून मिळवतो. त्याला छत उघडून काय दाखवायचंय? ते छत मी एकदाच उघडलं, त्यातून धूळ आत आली आणि बायकोनं ते कायमचं बंद करायला लावलं. त्या छताच्या पैशात दहा बॉनेटं हवेत उभी राहिली असती. पण शोरूममध्ये बॉनेट उघडून कोण पाहतो? फोटो छतातून मुंडकं काढून काढतात.

तर ठरवलं की आपणही साडूंसारखे शॉकअप, म्हणजे बॉनेट वर उचलून धरणाऱ्या नळ्या, बसवून घ्यायचे. आमच्या धुळ्यात साक्री रोडला एक ॲक्सेसरीजवाला आहे. तो म्हणाला, "सर, होऊन जाईल. ड्रिलिंग नाही, वेल्डिंग नाही. कंपनीच्या बोल्टवरच पट्टी बसते. अर्धा तास." मी सकाळी सातलाच गेलो, ऊन व्हायच्या आत.

पोऱ्यानं बिजागरीचा बोल्ट सैल केला, त्याखाली काळी पट्टी सरकवली, पट्टीवर गोळीसारखी टोकं. मग शॉकअपची वाटी त्या गोळीवर ठेवून तळहातानं दाबली. टक्. एवढा समाधानाचा आवाज मी बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता. पोऱ्यानं जुनी दांडी काढून भिंतीला टेकवली, आणि तेवढ्यात आप्पा आले.

आप्पा कोण, ते मला अजूनही माहीत नाही. शेजारच्या दुकानात ट्रॅक्टरची बॅटरी चार्जिंगला लावून आलेले. गांधी टोपी, गळ्यात मळका रुमाल, हातात पिशवी. पिशवीतून मेथीची जुडी डोकावत होती. आल्या आल्या त्यांनी पडलेल्या एका टायरवर बैठक मारली आणि उघड्या बॉनेटकडे बघत राहिले. उघडं बॉनेट ही आपल्याकडे सार्वजनिक जागा असते. तिथे कोणीही येऊन उभं राहू शकतं आणि कोणालाही मत असू शकतं.

"भाऊ, हाई काय बसाडी ऱ्हायनात?"

"शॉकअप, आप्पा. बॉनेटला."

"बॉनेटले?" आप्पांनी टोपी मागे सरकवली. "बॉनेट काय खड्डामा जास का?"

पोऱ्या हसला. मी समजावून सांगितलं, की हे धक्क्याचे शॉकअप नाहीत, यांनी बॉनेट आपोआप वर जातं आणि वरच राहतं.

"आते कसावर ऱ्हास?"

"दांडीवर."

"मंग दांडीले काय व्हयनं?"

"सुटते. डोक्यात पडलं बॉनेट."

"कोना?"

"माझ्या."

आप्पांनी माझं डोकं निरखून पाहिलं, बैल घेताना पाहतात तसं. "काही व्हयेल दिखत नई," म्हणाले. आणि त्या क्षणी मला प्रथमच असं वाटलं, की थोडं तरी रक्त यायला हवं होतं.

"यामा काय ऱ्हास?" आप्पांनी शॉकअपवर नख वाजवलं.

"गॅस असतो. नायट्रोजन."

"सिलिंडरना?"

"नाही हो. हवेतलाच. आपण श्वास घेतो त्या हवेत अठ्ठ्याहत्तर टक्के तोच असतो."

"हवाना?" आप्पा थांबले. "मंग कितला पैसा ली ऱ्हायना हाऊ?"

"अडीच हजार. जोडीचे."

"हवाना पैसा कसाना?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी दुकानदाराकडे पाहिलं, त्यानं मोबाइलकडे पाहिलं. मी म्हटलं, दाबून भरलेला असतो, त्याचे पैसे. आप्पांनी ते मानलं नाही, पण पुढे गेले. "संपना मंग? नंबर लावना पडस का? सबसिडी येस का खातामा?"

एव्हाना एक रिक्षावाला, चहा द्यायला आलेला मुलगा आणि सकाळी फिरायला निघालेले एक बँकेतले निवृत्त गृहस्थ जमले होते. गृहस्थांनी बूट, टोपी, सगळा जामानिमा केला होता, पण चालत नव्हते. ते म्हणाले, "हे बेकायदा आहे. कलम ५२. गाडीत कंपनीच्या मापाबाहेर बदल करता येत नाही." आता १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात कलम ५२ आहे, हे खरंच. आरसी बुकात नोंदवलेल्या गोष्टी बदलायच्या नाहीत, असा त्याचा रोख. पण माझ्या आरसीत रंग आहे, इंजिन नंबर आहे, चासी नंबर आहे, किती माणसं बसतात ते आहे. बॉनेट कशाच्या आधारानं उभं राहतं, असा रकाना नाही. हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "तरी पण." माझा अनुभव असा आहे, की "तरी पण" म्हणणाऱ्याशी वाद जिंकता येत नाही.

पण आप्पांना कायद्याशी देणंघेणं नव्हतं. ते उठले, गाडीला एक चक्कर मारली आणि निकाल दिला.

"भाऊ, तुमनं बॉनेटच उलटं शे."

"म्हणजे?"

"काचकडथीन उघडाले पाहिजे. आनि तोंडकडे पडाले पाहिजे. आमना गावना पाटीलकडे वन एटीन व्हती. तिनं तशेच व्हतं. हाई काय, मगरनागत जाबडं उघडस!"

रिक्षावाला म्हणाला, असं बॉनेट कुठं असतं का. मलाही म्हाताऱ्याची गंमत वाटली. पण आप्पा शांतपणे म्हणाले, "गाडी पयी ऱ्हायनी नि कडी सुटनी, ते वारा काय करी?"

घरी जाऊन मी शोधलं, आणि आप्पा बरोबर निघाले. याचाच मला सगळ्यात जास्त राग आहे. त्यांची वन एटीन, म्हणजे प्रीमियरची ११८ एनई, फियाट १२४ वर बेतलेली; त्या १२४ चं बॉनेट काचेकडून उघडून पुढच्या अंगाला कलायचं. स्वीडनच्या साब गाड्यांचंही तसंच. त्या जॅग्वार ई-टाइपचं तर अख्खं नाकच पुढे झुकायचं. धावत्या गाडीत कडी सुटली तर वारा असं बॉनेट दाबून बंदच करतो. आपल्या गाड्यांचं बिजागर काचेकडे, म्हणून तेच बॉनेट उलटून काचेवर आदळतं. म्हणून तर आत खटका ओढल्यावरही बॉनेट पुरतं उघडत नाही. बाहेरून फटीत बोटं घालून दुसरी खिट्टी चाचपावी लागते, आणि ती पहिल्या झटक्यात कोणालाही सापडत नाही. मग उलटं का करतात? तर मेकॅनिकला समोर उभं राहून रेडिएटरपर्यंत हात घालता यावा म्हणून.

पण तिथे, साक्री रोडला, हे काही मला ठाऊक नव्हतं. आधुनिक गाड्यांची बाजू कोणी तरी घ्यायला हवी, म्हणून मी म्हणालो, "आप्पा, आता तर महागड्या गाड्यांमध्ये असं असतं, की समोर माणूस धडकला की बॉनेट स्वतःहून मागून थोडं वर उसळतं. म्हणजे त्याचं डोकं खालच्या इंजिनावर आपटत नाही."

"मानूस ठोकना का बॉनेट उघडस?"

"हो."

आप्पांनी विचार केला. "मंग बजारना दिन ते दिनभर उघडंच ऱ्हाई."

हसले सगळे, मीही हसलो. पण आप्पा काही विनोद करत नव्हते.

जरा विषयांतर होतंय, पण बॉनेट म्हटलं की माझ्या पिढीला गाडी आठवत नाही, एसटी आठवते. ड्रायव्हरच्या डाव्या हाताला ते भलंमोठं झाकण, वर रेक्झिन, त्यावर आधीच दोन म्हाताऱ्या आणि एक कोंबडी. शिरपूरहून धुळ्याला कॉलेजला येताना मी बॉनेटवर बसून आलोय. हिवाळ्यात त्याच्याइतकी उबदार जागा नव्हती, उन्हाळ्यात त्याच्याइतकी शिक्षा नव्हती. ड्रायव्हरच्या ओळखीशिवाय तिथं बसता येत नसे, म्हणून त्या जागेला मान होता. ते बॉनेट कशावर उभं राहतं, असा प्रश्न कोणाच्याही मनात आला नाही. कारण त्यावर माणसं असल्यामुळे ते उघडतच नसे.

असो. फिटिंग झालं. बोट लावलं आणि बॉनेट आपलं आपण वर गेलं. आप्पांनी "भलतं शे" म्हणून दाद दिली. दुकानदारानं पैसे घेतले. आप्पांनी भिंतीची दांडी उचलून विचारलं, "हाई आते कोनले लागाव नई ना? मना गोठाना दारले कामे ई." मी तोंड उघडायच्या आत दुकानदार म्हणाला, "न्या आप्पा, न्या." माझ्या गाडीची दांडी, आणि दानशूर हा! आप्पा बॅटरी, मेथी आणि दांडी घेऊन गेले.

दुपारी दोनला मी घरासमोर बॉनेट उघडलं, आणि ते बंद होईना.

एका हातानं दाबलं, दोन्ही हातांनी दाबलं. खाली येतं, कडीपाशी थांबतं आणि परत वर. मध्ये जोर दिला तर पत्रा मधोमध खाली वाकतो आणि कडेनं फुगतो. अकरावीतली पोरगी गॅलरीतून म्हणाली, "पप्पा, गे-लुसाक." मला वाटलं, शिवी दिली. मग तिनं गे-लुसाक नावाच्या शास्त्रज्ञाचा नियम वहीवर करून दाखवला: शॉकअपची ताकद २० अंशाला मोजलेली असते. बंद नळीतला गॅस तापला की दाब वाढतो. २० अंशाला ३०० न्यूटनचा शॉकअप ६० अंशाला ३४० न्यूटनचा होतो, आणि गाडी चालवून आल्यावर उन्हात इंजिनाजवळ साठ अंश म्हणजे काहीच नाही. असे दोन. आणि बॉनेट कंपनीनं दांडीच्या हिशोबानं पातळ पत्र्याचं केलेलं.

दूधवाला आला, त्यानं आणि मी मिळून ते लावलं. पत्र्यावर त्याच्या तळहाताचा ठसा उमटलाय. तो घासून जात नाही.

दुकानदाराला फोन केला. "सर, गरम झालंय. थंड होऊ द्या." मी म्हटलं, मे महिना आहे, थंड म्हणजे कधी? "पाणी मारा ना." मी अडीच हजार परत मागितले, तर आवाज एकदम गेला, रेंजच्या बाहेर गेल्यासारखा. आमच्याकडे काम घेताना सगळे सर म्हणतात, परत मागितलं की रेंज जाते. सर्व्हिस सेंटरवाल्याकडे गेलो, तर त्यानं जॉबकार्डावर लाल पेनानं "बाहेरचं फिटिंग" असं लिहून ठेवलं, आणि उद्या वायपर बिघडला तरी हेच दाखवणार, असा चेहरा केला.

शेवटी मी काल दुकानातच जाऊन उभा राहिलो. गिऱ्हाइकांसमोर. मग त्याला तोडगा सुचला.

"सर, नरम जोडी बसवून देतो. उन्हाळ्यात मक्खन बंद होईल. वरचे सहाशे द्या फक्त."

"आणि हिवाळ्यात?"

तो जरा थांबला. धुळ्याचा हिवाळा त्यालाही माहीत आहे, डिसेंबरात इथे पारा पाच-सहावर येतो. "हिवाळ्यात सर, थोडं खाली येऊ शकतं. हळूहळू. त्याचं काही नाही, तेवढे दोन महिने दांडी लावायची. ओरिजिनल दांडी जपून ठेवलीय ना?"

"ती तुम्ही आप्पांना देऊन टाकली."

"कोणत्या आप्पांना?"