ब्लूबेरी, थंडी आणि तुमचा आक्षेप

नमस्कार. ‘ब्लूबेरीला हजार तास थंडी लागते, कोकणात ती येणार कुठून? लोकांना महागडी रोपं घ्यायला लावू नका, त्यापेक्षा करवंदं लावा. शिवाय ते फळ पाणचट,’ असं तुम्ही माझं ब्लूबेरीवरचं लिखाण वाचून लिहिलंत. करवंदं लावायला कशाला हवीत हो, कुंपणात आपणहून येतात!

थंडीचं म्हणणं ‘ब्लूक्रॉप’सारख्या उत्तरेकडच्या जातींपुरतं खरं. त्यांना सात अंशांखाली आठशेच्या आसपास तास लागतात आणि आमच्या दापोलीत पारा बारावर आला तरी शेकोट्या पेटतात. पण मी लिहिलं होतं ‘बिलॉक्सी’बद्दल. अमेरिकेच्या कृषी खात्याने १९९८ साली आणलेली ही जात. हिच्या वंशात फ्लोरिडातली सदाहरित रानटी ब्लूबेरी आहे, म्हणून हिला थंडी कमी लागते. पेरू देशाच्या किनारी वाळवंटात थंडी नावालाच, तरी सुरुवातीची लागवड मुख्यतः हिचीच झाली. तिथे झाडाची पानगळ होत नाही, छाटणी करून ते फुलावर आणतात.

कोकणात खरी अडचण पावसाची. जांभ्याची माती आम्लधर्मी म्हणून आपण खूश होतो, पण ब्लूबेरीची मुळं केसासारखी बारीक आणि त्यांना मूळरोम नसतात. जुलैत पाणी तुंबलं की ती कुजलीच. म्हणून कुंडी, धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि पावसाळ्यात वर छप्पर. पागोळ्यांचं पाणी मात्र साठवून ठेवा. विहिरीचं पाणी क्षारांचं असेल तर सामू (pH) साडेपाचच्या वर चढतो, झाडाला लोह मिळत नाही आणि पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात.

धंदा म्हणून लावा, असं मी कुठेच म्हटलेलं नाही. हे हौसेचं काम आहे. ‘पिंक लेमोनेड’ या गुलाबी फळाच्या जातीचे फोटो पाहून मलाही मोह होतो, पण तिला लागणारी थंडी आपल्याकडे खरंच नाही. तिथे तुमचा सल्ला शंभर टक्के मान्य, पैसे घालवू नयेत.

राहिली चव. डबीतलं फळ प्रवासासाठी लवकर तोडलेलं असू शकतं आणि तोडल्यावर ब्लूबेरीची गोडी वाढत नाही. घरच्या झाडावर फळ निळं झालं तरी थांबायचं. देठाकडची लाली पूर्ण गेली आणि बोट लावताच फळ हातात आलं, की तोडायचं. बुलबुल तेवढे थांबत नाहीत, तेव्हा जाळी आधीच लावा.