घरात कुणाची बाग गेली नाही, हा माझा दोष का?

अमेरिकेत मास्टर्सला अर्ज करायचा तर आधी नशिबाने तुम्हाला व्यवस्थित रडवलेलं असावं लागतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. एसओपी, म्हणजे हाच कोर्स का करायचाय ते सांगणारा निबंध, लिही म्हणाले, लिहिलं. काय शिकले, पुढे काय करायचंय, सगळं. पण कॅलिफोर्नियातल्या एका विद्यापीठाला त्याशिवाय पर्सनल हिस्टरी स्टेटमेंट, म्हणजे स्वतःच्या आयुष्यावरचा निबंधही हवाय. आयुष्यात कोणते अडथळे आले, त्यांवर मात कशी केलीत? अहो, कशावर मात करू? बाबा जिल्हा परिषदेत, आई शिक्षिका, नाशिकला वन बीएचके, अकरावी-बारावीला क्लास, मग इंजिनीअरिंग. सगळ्यात मोठा अडथळा एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, आणि तो अख्ख्या वर्गाला होता!

म्हणून परदेशी अ‍ॅडमिशनचा सल्ला देणाऱ्या काउन्सेलरकडे गेले. ड्राफ्ट वाचून म्हणतात, "फार टेक्निकल झालंय. इमोशन कुठाय? घरात कुणी द्राक्षवाले नाहीत का?" नाहीत. "आजोबा? मामा?" नाहीत हो! "मग गारपिटीत बाग गेली असं काहीतरी टाक. तिकडच्यांना काय कळतंय?"

म्हणजे निफाड-दिंडोरीकडे ज्यांच्या बागा खरंच आडव्या झाल्या, त्यांचं दुःख मी उसनं घ्यायचं, शंभरेक डॉलर फी भरून पोर्टलवर चिकटवायचं, आणि खाली टिक करायची की वरील माहिती खरी आहे. आणि या सल्ल्याचे पैसेही मीच मोजायचे.

डोकं जास्त फिरतं ते याने, की माझ्याकडे सांगण्यासारखं खरं काहीतरी आहे. आमचा बीईचा प्रोजेक्ट द्राक्षाच्या पानाच्या फोटोवरून कॉम्प्युटरने रोग ओळखण्याचा होता. प्लांटव्हिलेज हा पानांच्या फोटोंचा फुकट मिळणारा डेटासेट घेऊन मॉडेल शिकवलं, अ‍ॅक्युरसी झकास आली, गाईड खूश. मग पिंपळगावच्या एका बागेत फोन घेऊन गेलो आणि मुसळ केरात. त्या डेटासेटमध्ये द्राक्षाचे रोग तीनच: ब्लॅक रॉट, एस्का आणि लीफ ब्लाइट. आमचे बागायतदार ज्यांच्या धास्तीने फवारे मारत सुटतात, ते भुरी आणि डाऊनी हे बुरशीचे रोग त्यात नाहीतच. शिवाय फोटो सगळे सुटं पान साध्या पार्श्वभूमीवर ठेवून काढलेले. बागेत पानावर पान, मध्येच ऊन, वर फवारलेल्या बोर्डो औषधाचे निळसर डाग. भुरीने पांढरं पडलेलं पान आमच्या मॉडेलने बिनदिक्कत निरोगी ठरवलं. बागवाले काका म्हणाले, "मग ताई, आज औषध मारू का नको?"

हे असं का फसतं, तेच मला शिकायचंय. यापेक्षा सरळ कारण कुणाला हवंय? पण नाही! काउन्सेलरबाईंनी तो परिच्छेद लाल करून ठेवलाय. फसलेलं दाखवू नकोस, पॅशन दाखव. आणि सुरुवात? लहानपणापासून मला कॉम्प्युटरचं आकर्षण होतं! कुणाला नव्हतं? सगळे गेम खेळायला भांडायचे.

२०२० नंतर तिकडच्या कितीतरी विभागांनी जीआरई ही प्रवेश परीक्षा ऐच्छिक केली किंवा काढूनच टाकली. मैत्रिणी म्हणतात सुटलो. कसलं सुटलो! त्यात निदान शब्द पाठ करता यायचे. आता सगळा भार या निबंधांवर, आणि शब्दमर्यादा कुठे पाचशे, कुठे हजार, कुठे नुसतं दोन पानं.

एलओआरची, म्हणजे सरांच्या शिफारसपत्राची, तर तऱ्हाच वेगळी. सर म्हणतात, "तूच लिहून आण, मी अपलोड करतो." म्हणजे आधी स्वतःच्या तोंडाने स्वतःची टिमकी वाजवायची, मग सरांच्या तोंडाने. बरं, तेही लिहून दिलं. तर पोर्टलला कॉलेजचाच ईमेल लागतो, जीमेल चालत नाही. ईस्ट कोस्टवाल्यांची डेडलाइन १५ डिसेंबर, त्यांच्या रात्री ११:५९, म्हणजे आपल्या १६ तारखेच्या सकाळी १०:२९ पर्यंत वेळ आहे. आणि सरांच्या कॉलेज ईमेलचा पासवर्ड म्हणे ऑफिसातल्या कुणाकडे तरी आहे, ते लग्नाला गावी गेलेत.