शेक मागू नका, तपासणी मागा

साताऱ्यात मी फिजिओथेरपीची प्रॅक्टिस करते. नवा पेशंट खुर्चीत टेकायच्या आधीच सांगतो, "मॅडम, डॉक्टरांनी दहा दिवस शेक घ्यायला सांगितलाय." चिठ्ठी उघडून बघावी तर तिच्यावर फक्त 'फिजिओथेरपी' एवढंच लिहिलेलं असतं. शेक घरच्यांनी आपल्या मनाने जोडलेला असतो. शेजारच्या काकूंना शेक दिला होता, मेव्हण्याला करंट लावला होता, म्हणजे आपल्यालाही तेच मिळणार, असं धरून लोक येतात. आणि तेच मिळालं की समाधानाने घरी जातात, हे मला जास्त खटकतं.

माझं मत स्पष्ट आहे. पहिल्या दिवशी तुम्हाला नीट न विचारता, दुखऱ्या भागाला हात न लावता, उठवून-बसवून-चालवून न बघता कुणी थेट मशीन लावत असेल, तर तिथे पुढचे पैसे भरू नका. मग ते क्लिनिक कितीही चकाचक असो.

पहिल्या भेटीला पाऊण तास ते तासभर हाताशी ठेवा आणि त्यातला बराचसा वेळ बोलण्यात जाणार, हे धरून चाला. दुखणं कधीपासून, कशाने सुरू झालं, सकाळी उठल्यावर जास्त की दिवस कलल्यावर, जिना चढताना की उतरताना, खोकलं-शिंकलं की पायात कळ जाते का, रात्री दुखण्याने जाग येते का, हे सगळं विचारलं जाईल. तुमचं काम काय, किती तास उभं राहता, गाडी कोणती चालवता, पाणी किती भरावं लागतं, तेही विचारतील. शुगर, बीपी, थायरॉइड, जुनं ऑपरेशन, चालू गोळ्या यांचीही चौकशी होईल. इथे बरेच जण वैतागतात. "खांदा दुखतोय, त्यात शुगरचं काय?" म्हणतात. संबंध आहे, आणि तो एका उदाहरणाने सांगते.

मध्यंतरी एक शिक्षिका आल्या. पन्नाशीच्या आसपासच्या, उजवा खांदा धरलेला. फळ्यावर लिहायला हात वर जाईना, ब्लाउजची हुकं लावायला मागे जाईना, त्या कुशीवर झोपता येईना. आधी एका ठिकाणी त्यांनी बरेच दिवस मशीन लावून घेतलं होतं. तेवढ्यापुरतं बरं वाटायचं, घरी पोचेपर्यंत पुन्हा तेच. मी त्यांना बसवलं, कोपर कमरेला चिकटवून काटकोनात धरायला सांगितलं आणि पंजा बाहेरच्या बाजूला न्यायला सांगितलं. पंजा जेमतेम हलला. मग म्हटलं, "आता हात माझ्याकडे सोपवा, तुम्ही जोर लावू नका." मी फिरवून पाहिलं, तर दार बिजागरीत अडावं तसा हात नेमका त्याच जागी अडला. या छोट्याशा तपासणीने बरंच कळतं. स्नायूच्या दोरीला इजा असेल, तर पेशंटला स्वतःहून हात नेता येत नाही, पण दुसऱ्याने नेला तर बहुतेकदा पुढे जातो. दोन्ही वेळा एकाच जागी अडला, तर सांध्याभोवतालचं आवरणच आखडलेलं असण्याची शक्यता जास्त. मान तपासली, ती मोकळी होती. शुगर विचारली तर म्हणाल्या, "बॉर्डरवर होती, पण पुन्हा तपासलीच नाही." त्यांना आधी डॉक्टरांकडे पाठवलं. एक्स-रे साफ आला आणि शुगर चांगलीच वाढलेली निघाली. असा आखडलेला खांदा, म्हणजे फ्रोझन शोल्डर, साधारण चाळिशी ते साठीत होतो आणि मधुमेह असलेल्यांमध्ये त्याचं प्रमाण इतरांपेक्षा बरंच जास्त असतं.

त्यांना मी पहिल्याच दिवशी सांगितलं की हे दहा दिवसांचं काम नाही. फ्रोझन शोल्डर पूर्ण सुटायला वर्ष लागू शकतं, कधी त्याहूनही जास्त. सुरुवातीच्या ठणक्याच्या काळात हलके व्यायाम आणि दुखणं आटोक्यात ठेवणं, ठणका ओसरला की मग हाताची हालचाल वाढवायची. या काळात ओढून-ताणून हात वर करायला लावणाऱ्यांपासून लांब राहा. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. वर्षभर लागेल म्हणून रडल्या असतील असं मला वाटलं, तर म्हणाल्या, "इतक्या दिवसांत कुणी सांगितलंच नव्हतं की मला झालंय काय." म्हणून सांगते, पहिल्या भेटीतून बाहेर पडताना तुम्हाला काय झालंय, अंदाजे किती काळ लागेल आणि त्यात तुम्ही काय करायचं, या तीन गोष्टी समजलेल्या असायलाच हव्यात. समजल्या नसतील तर दारातून परत वळा आणि विचारा. तो तुमचा हक्क आहे.

तुम्हाला काय करता यायला हवंय, हेही मोकळेपणाने सांगा. "बरं वाटायला हवं" एवढ्यावर व्यायाम ठरत नाहीत. एसटीची पायरी चढायचीय, खुरपणीला बसायचंय, नातवाला कडेवर घ्यायचंय, वारीत निदान एक टप्पा चालायचाय, असं काहीतरी ठोस सांगा, म्हणजे त्या दिशेने शरीर तयार करता येतं. गुडघा बदलला असेल, तर मांडी घालून किंवा उकिडवं बसता येईल का, हे आधी सर्जनना विचारून घ्या. बऱ्याच जणांना ते टाळायला सांगतात आणि पेशंट मात्र त्याच आशेवर व्यायाम करत राहतो.

आता एमआरआयबद्दल. "मणक्यात गॅप आलाय", "गादी सरकलीय" असं म्हणत लोक जाडजूड पाकीट घेऊन येतात आणि त्यांचे चेहरे पार उतरलेले असतात. रिपोर्ट घेऊन या, जरूर या, पण त्यातल्या प्रत्येक ओळीला घाबरू नका. कंबर अजिबात न दुखणाऱ्या तीन हजारांहून जास्त लोकांच्या एमआरआय आणि सीटी स्कॅनचा एक मोठा आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या ३० टक्के लोकांमध्ये गादी फुगलेली दिसली आणि ऐंशीच्या घरातल्या ८४ टक्के लोकांमध्ये. हे सगळे न दुखणारे लोक! म्हणजे फोटोत दिसतंय तेच दुखतंय, असं दर वेळी नसतं. म्हणून तर फोटो बघून झाल्यावरही तुम्हाला वाकवून, पाय उचलून, बोटांतली ताकद आणि संवेदना तपासून पाहावं लागतं.

आपल्याकडे उसण भरली की पायाळू माणसाचा पाय लावून घेतात, हात मुरगळला की चोळून घेतात. साधी उसण बहुतेकदा काही दिवसांत आपली आपण उतरते, त्यामुळे पायाळूला यश मिळतं. पण पडल्यानंतर मनगट सुजलंय, वाकडं दिसतंय आणि ते कुणी चोळतंय, हे मी पाहिलेलं आहे. आधी एक्स-रे. हाड मोडलेलं नाही हे कळल्याशिवाय कुणालाही, अगदी आम्हालाही, हात लावू देऊ नका.

काही त्रासांत तर आमच्याकडे येण्यात वेळच घालवू नका, सरळ हॉस्पिटल गाठा. कंबरदुखीबरोबर लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटला, मांड्यांच्या आतला आणि बसायचा भाग बधिर झाला, किंवा पायातली ताकद झपाट्याने कमी व्हायला लागली, तर ती इमर्जन्सी असते. ऑपरेशननंतर एका पोटरीला सूज आणि दुखणं आलं, धाप लागली, छातीत दुखलं, तर तिथे मालिश मुळीच नको. पोटरीत रक्ताची गुठळी असू शकते. पाठदुखीबरोबर ताप येतोय, कारण नसताना वजन उतरतंय, आधी कधी कॅन्सर होऊन गेलाय, तर तेही आधी डॉक्टरांना दाखवा.

मशीनला माझा विरोध नाही. टेन्स, आयएफटी ही करंटची मशीनं आणि गरम पॅक माझ्याकडेही आहेत. दुखणं थोडा वेळ कमी करून व्यायाम करता यावा, एवढाच त्यांचा उपयोग. पण मशीनला बसण्याआधी कुणी विचारो न विचारो, काही गोष्टी सांगाच. पेसमेकर आहे का, शरीरात रॉड-प्लेट आहे का, दिवस गेलेत का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का. आणि मधुमेहाने तळपाय बधिर झाले असतील तर ते तर पहिल्यांदा सांगा, कारण पॅक जास्त गरम लागतोय हे अशा पायाला कळत नाही आणि त्वचा भाजून निघते.

"दुखेल का?" हा सगळ्यांच्या मनातला प्रश्न. काही वेळा दुखेल, खोटं कशाला सांगू? गुडघा बदलल्यानंतर तो वाकवताना त्रास होतो, प्लास्टर काढल्यावर आखडलेलं मनगट हलवतानाही होतो. ताण बसल्यासारखं वाटणं, दुसऱ्या दिवशी स्नायू अंबणं चालतं. मात्र व्यायामानंतर वाढलेलं दुखणं चोवीस तासांतही उतरलं नाही, सूज वाढली किंवा रात्रीची झोप उडाली, तर व्यायामाचा डोस जास्त झाला असं समजा आणि पुढच्या वेळी आल्या आल्या ते सांगा. "मॅडमना वाईट वाटेल" म्हणून गप्प बसणारे पेशंट मला माहीत आहेत. आम्हाला वाईट वाटत नाही, आम्हाला ती माहिती लागते. आणि टेबलावर असताना "थांबा" म्हटलं की समोरच्याने थांबलंच पाहिजे.

आठवड्यात १६८ तास असतात. त्यातले आमच्याकडे फार तर तीन. बाकीच्या वेळात तुम्ही कसे बसता, काय उचलता आणि घरचे व्यायाम करता की नाही, यावर बरंचसं अवलंबून असतं. म्हणून घरी करायला दोन-तीनच व्यायाम मागून घ्या, पण ते थेरपिस्टसमोर स्वतः करून दाखवा आणि घरच्या कुणाला तरी मोबाइलवर व्हिडिओ काढायला सांगा. दहा व्यायामांचा छापील कागद फ्रिजवर लागतो आणि तिथेच राहतो. ताकद वाढायला आठवडे लागतात, दीड-दोन महिने तर सहज. चौथ्या दिवशी फरक पडला नाही म्हणून क्लिनिक बदलत राहिलात, तर दर ठिकाणी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते.

कपडे सैल घाला. गुडघ्यासाठी गुडघ्यावर सरकेल अशी पॅन्ट किंवा सलवार, खांद्यासाठी सैल बाह्यांचं काहीतरी. साडी नेसणाऱ्या आजींनी साडीच नेसून यावं, फक्त घरातली सैल सलवार पिशवीत टाकावी. डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे आणि गोळ्यांच्या पाकिटांचा फोटो सोबत ठेवा. भरपेट जेवून येऊ नका, आणि शुगरच्या गोळ्या घेणाऱ्यांनी रिकाम्या पोटी तर मुळीच येऊ नका.

बायकांसाठी थोडं वेगळं. पडदा हवा, अंगावर चादर हवी, बाई थेरपिस्ट हवी, सोबत बहीण किंवा सून आत हवी, यातलं काहीही मागायला संकोच करू नका. आणि एक दुखणं आहे जे सांगायला बायका वर्षं लावतात. खोकताना, हसताना, हंडा उचलताना लघवीचे थेंब जाणं. बाळंतपणानंतर असंच होतं, वय झालं की असंच होतं, असं आईपासून आजीपर्यंत सगळ्यांनी सांगितलेलं असतं. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम नीट शिकून घेतले तर पुष्कळ जणींचा हा त्रास कमी होतो, कित्येकींचा थांबतो. हेही फिजिओथेरपीतच येतं. पॅड लावून लग्नकार्यं टाळत बसलेल्या माझ्या मैत्रिणींनो, कृपा करून हे कुणाला तरी सांगा.

पैशांचं आधीच विचारा. एका भेटीचे किती आणि त्या भेटीत थेरपिस्ट स्वतः किती वेळ देणार. तपासणीआधीच वीस सिटिंगचं पॅकेज आगाऊ भरायला लावणं मला साफ अमान्य आहे. तपासल्याशिवाय वीस हा आकडा आला कुठून? चार-पाच भेटींनंतर पुन्हा मोजमाप करून पुढचं ठरवणं हाच सरळ मार्ग. ऑपरेशन झालं असेल, तर विम्याची पॉलिसी नीट वाचा. डिस्चार्जनंतरच्या ठरावीक दिवसांचा खर्च अनेक पॉलिसींत मिळतो आणि डॉक्टरांची चिठ्ठी जपून ठेवली असेल तर त्यात फिजिओथेरपीही बसू शकते.

शिक्षणही विचारा. बीपीटी ही फिजिओथेरपीची पदवी घ्यायला आम्हाला इंटर्नशिप धरून साडेचार वर्षं लागली आणि महाराष्ट्रात प्रॅक्टिस करायला राज्याच्या परिषदेकडे नोंदणी लागते. मुंबईच्या केईएममध्ये १९५० च्या दशकात, पोलिओच्या काळात, या शिक्षणाची आपल्याकडे सुरुवात झाली. तेव्हापासून हे शास्त्र म्हणून शिकवलं जातंय. चार महिन्यांचा मसाजचा कोर्स करून फिजिओचा बोर्ड लावणारे आजूबाजूला आहेत, म्हणून भिंतीवरचं सर्टिफिकेट बघायचंच. कुणाला राग आला तर येऊ दे.

कुणी पहिल्यांदाच जाणार असेल, तर खाली प्रश्न लिहा. व्यायाम मात्र मी इथे सांगणार नाही, अगदी "फक्त एकच सांगा" म्हणालात तरी नाही, कारण तुम्हाला मी तपासलेलं नाही. पण कुणाकडे जायचं, काय सोबत न्यायचं आणि काय विचारायचं, ते रात्री क्लिनिक बंद झाल्यावर प्रत्येकाला लिहीन.