दहा मायक्रोग्रॅमचा थाट

पार्सल आलं तेव्हा वाटलं कुणीतरी छोटा फ्रिजच पाठवलाय. थर्माकोलचा भलामोठा खोका, उघडला तर आत धुराचे लोट आणि गच्च भरलेला उणे 78 डिग्रीचा ड्राय आइस, त्यात जाड हातमोजे घालून चाचपडत बसायचं, मग सापडते एक पिशवी, पिशवीत डबी, डबीत ट्यूब आणि ट्यूबमध्ये काहीच नाही. म्हणजे आहे, पण तळाला गोठलेले दोन-तीन थेंब. 100 मायक्रोलिटर, त्यात 10 मायक्रोग्रॅम प्रोटीन. मिठाचा एक बारीक दाणासुद्धा याच्यापेक्षा जड भरेल.

तर हे आमचं रिकॉम्बिनंट, म्हणजे दुसऱ्या जीवाच्या पेशीत बनवून घेतलेलं, ह्यूमन एबल कायनेज नावाचं एन्झाइम. ह्यूमन म्हणायचं ते जीनपुरतंच हां. माणसाचा जीन बॅक्युलोव्हायरस या किड्यांच्या व्हायरसमध्ये बसवतात, तो व्हायरस किड्याच्या पेशींवर सोडतात, आणि त्या पेशी कुठल्या तर मक्याचा फडशा पाडणाऱ्या लष्करी अळीच्या, तिच्या कोशाच्या अंडाशयातून फार पूर्वी काढलेल्या. त्या बिचाऱ्या मरता मरता आपलं प्रोटीन बनवून देतात. म्हणजे जन्म अळीच्या घरचा आणि नखरे सगळे माणसाचे.

काम विचाराल तर एवढंसं, एटीपी या पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूवरचा एक फॉस्फेट उचलायचा आणि दुसऱ्या प्रोटीनच्या टायरोसीन या अमिनो आम्लावर नेऊन चिकटवायचा. पण हेच एबल दुसऱ्या एका जीनला जोडलं जाऊन कायमचं चालू राहिलं की एक प्रकारचा ब्लड कॅन्सर होतो, आणि त्याला आवर घालणारं इमॅटिनिब हे औषध 2001 साली अमेरिकेत मंजूर झालं. तेव्हा म्हटलं आपणही औषध होऊ शकतील असे आपले दहा-बारा रेणू घेऊन बघू, कोण याला अडवतंय.

सोबतच्या कागदावर ठळक अक्षरात लिहिलेलं, वारंवार गोठवू-वितळवू नये. म्हणजे एकदाच बर्फावर वितळवायचं, छोटे छोटे अलिक्वॉट, म्हणजे वाटे, करायचे आणि लगेच उणे 80 मध्ये परत. ऐकायला सोपंय. आता त्यात 25 टक्के ग्लिसरॉल, ते मधासारखं पिपेटच्या टिपच्या आतल्या भिंतीला धरून बसतं, घाईत ओढलं की बुडबुडा आणि घाईत सोडलं की अर्धा माल टिपमध्येच. मी श्वास रोखून दहा ट्यूब भरायला बसले, 10-10 मायक्रोलिटरच्या, आणि दहाव्या ट्यूबला आले सहाच. हिशोबातले चार गेले कुठे? टिपांना विचारा. कचऱ्यात टाकलेल्या टिपा उजेडाकडे धरून बघितल्या मी, खरं सांगते. शेवटी दहाव्या ट्यूबवर मार्करने "6" लिहिलं आणि फ्रीजरला दिली, तोवर दार उघडं राहिलं म्हणून फ्रीजर कोकलायला लागला होता तो वेगळाच.

दुसऱ्या दिवशी अ‍ॅसे, म्हणजे कायनेजची चाचणी, लावला. फॉस्फेट गेल्यावर एटीपीचं एडीपी होतं, ते जितकं होईल तितका प्रकाश, असा साधा हिशोब, कायनेज अडलं की अंधार. प्लेट मशीनमध्ये घातली आणि आकडे बघून खुर्चीतच उडाले, माझे सगळे रेणू चालले होते! कायनेज शंभर टक्के अडलेलं! बारापैकी बारा! सरांना सांगायला अर्धी उठले सुद्धा, आणि मग नजर कंट्रोलवर गेली. नुसतं डीएमएसओ, म्हणजे रेणू विरघळवायचं द्रावण, ज्यात औषधाचा कणही नाही, तेही शंभर टक्के. म्हणजे आख्ख्या प्लेटमध्ये कायनेजने काडी हलवली नव्हती.

परत केलं. नवा अलिक्वॉट, नवीन एटीपी. अंधार. तिसऱ्यांदा केलं, अंधार. मग माझी खात्रीच पटली की माल वाटेत वितळून मेलेला आहे, आणि रात्री बसून कंपनीला सविस्तर ईमेल लिहिला, तीन ग्राफ जोडले, "अत्यंत निराशाजनक" हा शब्द दोनदा वापरला. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, मी तर अंगणाची लेखी तक्रार केली.

सकाळी ज्युनिअर माझ्या मागे उभी राहून वही वाचत होती. म्हणाली, "ताई, यात मॅग्नेशियम घातलं होतंस ना?"

आमच्या बफरमध्ये, म्हणजे ज्या द्रावणात कायनेज काम करतं त्यात, दोन गोष्टी ऐनवेळी घालायच्या असतात, डीटीटी आणि मॅग्नेशियम क्लोराइड. डीटीटी मी कधीच विसरत नाही कारण त्याला कुजक्या अंड्यासारखा वास येतो, बाटली उघडली की आख्ख्या लॅबला कळतं. मॅग्नेशियमला वासच नाही. आणि मॅग्नेशियमशिवाय कायनेजला एटीपी धरताच येत नाही नीट, हे मी स्वतः दरवर्षी नव्या मुलांना शिकवते. बाटली समोरच्या फळीवर होती, माझ्याच अक्षरातलं लेबल लावलेली.

चौथ्यांदा लावला. प्लेटमधल्या डीएमएसओच्या खळग्या अशा लखलखल्या की बघत राहावं. माझ्या बारा रेणूंपैकी अकरा ढिम्म निघाले, एकाने जेमतेम थोडंसं अडवलं.

संध्याकाळी कंपनीचं उत्तर आलं, फार नम्र. आपल्या रिअ‍ॅक्शन बफरमध्ये मॅग्नेशियम किती आहे ते कृपया कळवावे.

मी लिहिलं, 10 मिलिमोलर. खोटं नव्हतंच ते, त्या दिवशी सकाळपासून तेवढंच होतं.