एअर प्लांट आणि टायगरच्या उलट्यांबाबत नर्सरीकडून उत्तर

नमस्कार ताई. आमच्याकडून नेलेलं एअर प्लांट चावून कुत्र्याला उलट्या झाल्या, हा तुमचा रिव्ह्यू वाचला. तुमच्या कुत्र्याला, टायगरला, रात्रभर उलट्या झाल्या, तुम्हाला जागरण घडलं, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. आता तो खातोपितो आहे असं तुम्हीच लिहिलंय, वाचून जीव भांड्यात पडला.

पण ‘२५० रुपये घेऊन विषारी झाड गळ्यात मारलं, काही सांगितलंही नाही’ हे वाचून घास उतरला नाही जी. एअर प्लांट म्हणजे टिलँडसिया, अननसाच्या कुळातलं झाड. मूळचं मेक्सिको आणि दक्षिण अमेरिकेकडलं. माती लागत नाही, पानांवरच्या पांढुरक्या लवेतूनच पाणी पितं. कुत्र्याने किंवा मांजराने चावलं तरी विषबाधा होत नाही. पानं मात्र चिवट, पचायला जड. गवत खाऊन कुत्रं ओकतं तसं याने ओकू शकतं, लहान पिल्लाच्या घशात अडकूही शकतं. हे मी नाकारत नाही.

आता फोटोचं. तुम्ही टाकलेला फोटो मी मोबाइलवर मोठा करून पाहिला. टायगरच्या मागे, कूलरच्या स्टँडजवळ, रुंद हिरव्या पानांवर पांढरे ठिपके असलेली एक कुंडी आहे आणि तिचं खालचं पान अर्धं कुरतडलेलं आहे. ते डिफेनबाखिया. त्याच्या पाना-देठात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. चावलं की तोंडाची आग होते, लाळ गळते, उलटी होते. लाळ गळत होती हेही तुम्हीच लिहिलंय. मी काही जनावरांचा डॉक्टर नाही, पण ती कुंडी आमच्याकडची नाही एवढं नक्की. मनीप्लांटातही हेच स्फटिक असतात. सायकस आणि कण्हेर तर त्याहून वाईट, त्याने कुत्रं दगावतं.

सांगितलं नाही म्हणता, तर घरची मंडळी तुम्हाला सांगतच होती, की झाड पाण्यात बुडवून काढा, उलटं धरून निथळवा, लाकडाला तारेने बांधलंय तेव्हा उंचावर टांगा. तेवढ्यात टायगरने जंभेरीच्या (ज्यावर संत्र्याचं कलम बांधतात त्या रोपांच्या) पिशव्यांवर पाय वर केला आणि तुम्ही त्याच्यामागे धावल्या. त्याबद्दल आम्ही चकार शब्द काढला नाही. रात्री अकराला तुमचा फोन आला तेव्हाही उचलला, तारेचा तुकडा कमी दिसला तर एक्स-रे काढा म्हणून सांगितलं. रिव्ह्यूत ते कुठेच नाही.

आमचं पोट संत्र्याच्या कलमांवर आहे. एअर प्लांट हौसेने ठेवतो, बाहेरून कुरियरने मागवतो, मे महिन्याच्या ४५ डिग्रीत त्यातली कितीतरी वाळून जातात, म्हणून भाव तसा. काल मोर्शीकडचे एक कास्तकार कलमं पाहायला आले अन् पहिलंच विचारलं, “तुमच्या झाडानं कुत्रं मरते म्हणे?” पावसाळा तोंडावर आहे ताई, कलमांचा सीझन तेवढाच असतो.

पाळीव जनावरं असणाऱ्यांसाठी बोर्ड लावायचं ठरवलंय, पेंटरला सांगून ठेवलंय. तारेऐवजी सुतळी वापरता येते का तेही पाहतो. रिव्ह्यू काढा असं म्हणत नाही, पण त्यातलं ‘विषारी’ तेवढं दुरुस्त करा. अन् ती ठिपक्यांची कुंडी आजच्या आज टायगरच्या तोंडापासून दूर हलवा.